परसातली केळ आणि कड्यावरली कवदर

केळीचे झाड पाहिले नाही असा तुमच्यात एकही जण नसेल. सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले खुंट, लग्नमंडपाच्या दारातले घडासकट उभे केलेले झाड, पंगतीत वाढलेले हिरवेगार पान, या सर्वांमुळे केळ आपल्या घरचीच झाली आहे. पण जी वस्तू रोज डोळ्यांसमोर असते तिच्याकडे आपण नीट पाहत नाही. तुम्हांला दोन साधे प्रश्न विचारतो. केळीच्या खोडात लाकूड असते का? आणि आंब्याला कोय, पेरूला बिया, चिंचेला चिंचोके, तसे केळ्यात बी कोठे असते? उत्तर सापडेपर्यंत पुढे वाचू नका, असे मी म्हणणार नाही. पण मनात काहीतरी उत्तर धरून मगच पुढे वाचा.

मी स्वतः महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही केळीवर लिहायला बसलो याचे कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

भंडारदऱ्याची चूक

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कुशीत भंडारदरा आहे. प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, त्याच्या मागचा आर्थर जलाशय, रंधा धबधबा, एका बाजूला रतनगड आणि दुसरीकडे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, असा हा सारा मुलूख. याच जिल्ह्याच्या पूर्व भागात पावसाची वाट पाहावी लागते, तर जलाशयाच्या पश्चिमेला असलेल्या घाटघरला इतका पाऊस कोसळतो की त्याला ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी श्रावणात मी विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे गेलो होतो. आमच्यातल्या अकरावीच्या एका मुलाचे घर जलाशयाच्या जवळच्या वाडीत होते. त्याने आग्रहाने घरी नेले. परसात एका बाजूला केळीचे बेट होते आणि त्यापासून दहा-बारा पावलांवर, दगडांच्या बांधाला लागून, एकटेच एक वेगळे झाड होते. बुंधा हंड्यासारखा फुगलेला, उंची बेताची, पाने मात्र ऐसपैस. त्यातून नुकतेच तपकिरी-लालसर, कमळाच्या कळीसारखे भले मोठे फूल बाहेर डोकावत होते. मुलाच्या वडिलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी ते रोप डोंगरातून आणून लावले होते, आणि इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच फुलले होते.

“सर, याची भाजी करायची का?” मुलाने विचारले.

मी चटकन म्हणालो, “करा की. केळफूल कापायला काय हरकत आहे? मूळ झाड गेले तरी बाजूने मुनवे येतीलच.”

फूल कापले गेले. भाजी झाली, ती मीही जेवलो. संध्याकाळी मुलाची आजी रानातून परतली. तिने बांधाकडे पाहिले आणि ती ओट्यावर बसून राहिली. मग म्हणाली, “मास्तर, ती केळ न्हवं, कवदर हाये. तिला पिलं व्हत न्हाईत. ती येकदाच फुलती, बी टाकती आन् मरती.”

आजीचे म्हणणे खरे ठरले. हिवाळ्यात ते झाड वाळले. पुढच्या पावसात बेटातल्या केळींना नवे कोंब फुटले. बांधाजवळची जागा मात्र रिकामीच राहिली. इतकी वर्षे वाढलेल्या त्या झाडाचे एकही बी शिल्लक राहिले नाही, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे. दोन झाडे सारखी दिसली म्हणजे त्यांचे वागणेही सारखे असेल, असे मी गृहीत धरले होते. प्रयोगशाळेत ज्या चुकीबद्दल मी विद्यार्थ्यांचे गुण कापतो तीच ही चूक. त्यानंतर मी केळीचा अभ्यास सुरू केला. त्यातले काही आता तुम्हांला सांगतो.

खोड नसलेले झाड

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. केळ हे शास्त्रीय अर्थाने झाडच नव्हे. ती एक अवाढव्य वाढलेली औषधी, म्हणजे लाकूड न धरणारी वनस्पती आहे. तिचे खरे खोड जमिनीत असते. त्यालाच आपण कंद म्हणतो. वर जे खोडासारखे दिसते ते पानांच्या देठांचे तळ, म्हणजे सोपटे, एकावर एक घट्ट गुंडाळून झालेले आभासी खोड आहे. कांद्याचे पापुद्रे आठवा. त्यांचीच उभी, लांबलचक आवृत्ती म्हणजे केळीचा खुंट. खुंट आडवा कापून पाहिला तर सोपटांची वलये दिसतात, आणि प्रत्येक सोपटात हवेने भरलेल्या लहान लहान चौकोनी पोकळ्या दिसतात. खुंटाच्या वजनात नऊ-दशांशाहून अधिक भाग पाणी असते. तरीही तो पाण्यावर तरंगतो, इतका की पुराच्या वेळी लोक खुंट एकत्र बांधून तराफा करतात. हे कसे घडते ते पुढे प्रयोगात पाहू.

नवे पान कंदाच्या टोकाशी जन्म घेते आणि जुन्या सोपटांच्या मधल्या पोकळीतून सुरळीच्या रूपाने वर चढते. सुरळी बाहेर आली की उलगडते आणि पान होते. अशी तीस-चाळीस पाने झाली की कंदाचे टोक पाने करणे थांबवते आणि त्यातून फुलोरा निघतो. तोच दांडा मधून वर चढतो आणि शेंड्यातून केळफूल बाहेर येते. म्हणजे एका खुंटाला एकदाच फुलोरा, एकच घड. घड उतरला की तो खुंट संपला. मात्र कंदाच्या बाजूच्या डोळ्यांतून तोवर मुनवे फुटलेले असतात आणि बेट पुढे चालू राहते. केळीचे बेट पिढ्यान् पिढ्या टिकते ते असे.

कवदर कशी ओळखावी?

सह्याद्रीच्या कड्याकपारींत पावसाळ्यात जी रानकेळ दिसते तिला कोठे कवदर, कोठे चवई, कोठे चवेणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला केळीच्याच, म्हणजे ‘म्यूसा’ या प्रजातीत घातले होते. पुढे, १९४७ च्या सुमारास, चीझमन या शास्त्रज्ञाने तिची आणि तिच्या भावंडांची वेगळी प्रजाती मानली पाहिजे हे दाखवून दिले. आज तिचे शास्त्रीय नाव ‘एन्सेटे सुपर्बम’ असे आहे. इथिओपियात हिची एक चुलत बहीण लावतात, आणि तिच्या कंदापासून व सोपटांपासून मिळणाऱ्या पिठावर तेथील लक्षावधी लोकांचे पोट भरते.

परसातली केळ आणि कवदर यांतला फरक पुढील खुणांवरून कळतो:

(१) मुनवे – केळीला कंदाच्या बाजूने मुनवे फुटतात. कवदरीला सहसा फुटतच नाहीत. ती बियांपासूनच वाढते.

(२) बुंधा – केळीचा खुंट खालपासून वरपर्यंत जवळजवळ सारख्या जाडीचा असतो. कवदरीचा बुंधा खाली बराच फुगीर आणि एकूण उंचीला ठेंगणा असतो.

(३) ऋतू – पाणी मिळाले तर केळ बारा महिने हिरवी असते. कवदरीची पाने पावसाळा संपल्यावर सुकून जातात. जमिनीतला व बुंध्यातला साठा जपून ती उन्हाळा काढते आणि पुढच्या पावसात पुन्हा पाने काढते. असे काही वर्षे चालते. मग एकदा फुलते आणि मरते.

(४) छद – केळफुलावर जी जांभळी आवरणे असतात, त्यांना छद म्हणतात. केळीचे छद बहुधा एकेक करून उलगडतात आणि गळून पडतात. कवदरीचे छद सहजी गळत नाहीत; दांड्याला चिकटून राहतात.

(५) बी – कवदरीच्या फळात गर थोडा आणि बिया भरपूर. बी काळपट तपकिरी, कठीण आणि चांगले सेंटिमीटरभर रुंद असते.

पाचांपैकी पहिली खूण मी त्या दिवशी पाहिली असती तरी पुरे होते. बेट बाजूलाच होते. तिथे मुनव्यांची गर्दी होती आणि बांधाजवळचे झाड इतकी वर्षे एकटेच उभे होते. निरीक्षण डोळ्यांसमोर असूनही प्रश्न विचारला नाही तर ते उपयोगी पडत नाही.

केळ्यातले बी गेले कोठे?

आता दुसरा प्रश्न. पिकलेले केळे उभे चिरा. मध्यभागी बारीक काळसर ठिपक्यांच्या रांगा दिसतील. हीच ती बिया होऊ न शकलेली बीजांडे.

जगातल्या बहुतेक खाण्याच्या केळी दोन रानटी पूर्वजांपासून आल्या आहेत. एकाचे नाव ‘म्यूसा अक्युमिनाटा’, दुसऱ्याचे ‘म्यूसा बाल्बिसियाना’. सोयीसाठी पहिल्याच्या गुणसूत्रांच्या संचाला ‘अ’ म्हणू आणि दुसऱ्याच्या संचाला ‘ब’. प्रत्येक संचात ११ गुणसूत्रे असतात. रानटी झाडात दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे. परागकण किंवा अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला ११ येतात.

पण आपल्या बसराई केळीत तीन संच आहेत: अअअ, म्हणजे ३३ गुणसूत्रे. ३३ मुलांना दोघादोघांच्या जोड्या करायला सांगा. एक मूल उरणारच. पेशीची अडचण याहूनही मोठी आहे. तिच्याकडे प्रत्येक प्रकारची तीन-तीन गुणसूत्रे असतात, आणि तिघांची समान वाटणी दोन ठिकाणी होत नाही. त्यामुळे सुदृढ अंडपेशी व पराग जवळजवळ तयारच होत नाहीत. दोनच संच असलेल्या सफेद वेलचीत (अब) एक संच एका पूर्वजाचा व दुसरा दुसऱ्याचा असल्याने त्यांची जोडी नीट जमत नाही.

तुम्ही म्हणाल, बी नाही तर फळ तरी कसे धरते? त्याचे कारण वेगळे आहे. परागण न होताही अंडाशय फुगून गर भरण्याचा गुण या केळींत आहे. याला अनिषेकफलन म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी माणसाला जंगलात कोठे तरी असे कमी बियांचे, जास्त गराचे झाड दिसले असणार. त्याने त्याचे मुनवे आणून घराजवळ लावले असणार. परसबागेतूनच केळीच्या शेतीचा जन्म झाला, असे म्हणायला हरकत नाही. कवदरीच्या संचात मात्र ९ गुणसूत्रे असतात, एकूण १८. ती केळीहून वेगळी असल्याची साक्ष गुणसूत्रेही देतात.

पंधरा खुणांची परीक्षा

लिनिअसने अठराव्या शतकात केळींना ‘म्यूसा पॅराडिसियाका’ आणि ‘म्यूसा सेपिएंटम’ अशी नावे दिली. ती आजही काही पुस्तकांत आढळतात. पण ज्या झाडांना त्याने ही नावे दिली ती संकरित होती हे पुढे कळले. मग कोणत्या केळीत ‘अ’ किती व ‘ब’ किती, हे ओळखायचे कसे? १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या दोन शास्त्रज्ञांनी एक सुंदर रीत सुचवली. तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही. डोळे, भिंग आणि पट्टी पुरते. पंधरा खुणा पाहायच्या. खूण पूर्णपणे ‘अ’सारखी असेल तर १ गुण, पूर्णपणे ‘ब’सारखी असेल तर ५ गुण, मधली असेल तर २, ३ किंवा ४. खुणा अशा:

१. खुंटाचा रंग – ‘अ’: तपकिरी-काळे डाग ठळक, ‘ब’: डाग थोडे किंवा नाहीत.
२. देठाची पन्हळ – ‘अ’: कडा उघड्या, खाली पातळ पंखांसारख्या, ‘ब’: कडा आत वळलेल्या, खुंटाला बिलगलेल्या.
३. घडाचा दांडा – ‘अ’: बहुधा लवदार, ‘ब’: गुळगुळीत.
४. फळाचा देठ – ‘अ’: आखूड, ‘ब’: लांब.
५. बीजांडे – ‘अ’: प्रत्येक कप्प्यात दोन नियमित रांगा, ‘ब’: चार अनियमित रांगा.
६. छदाचा खांदा, म्हणजे सर्वांत रुंद भाग – ‘अ’: तळाजवळ, ‘ब’: बराच पुढे.
७. छदाची गुंडाळी – ‘अ’: उघडल्यावर मागे वळून गुंडाळतो; ‘ब’: नुसता उचलला जातो.
८. छदाचा आकार – ‘अ’: भाल्यासारखा निमुळता, ‘ब’: रुंद अंडाकृती.
९. छदाचे टोक – ‘अ’: अणकुचीदार, ‘ब’: बोथट.
१०. छदाचा रंग – ‘अ’: बाहेरून लाल, मळकट जांभळा किंवा पिवळा, ‘ब’: बाहेरून तपकिरी-जांभळा, आतून लालभडक.
११. आतल्या रंगाची छटा – ‘अ’: तळाकडे फिकी होत पिवळी, ‘ब’: तळापर्यंत सारखी.
१२. छद गळल्याचे व्रण – ‘अ’: ठळक, ‘ब’: पुसट.
१३. नरफुलाची सुटी पाकळी – ‘अ’: टोकाखाली सुरकुतलेली, ‘ब’: क्वचितच सुरकुतलेली.
१४. नरफुलाचा रंग – ‘अ’: दुधी पांढरा, ‘ब’: गुलाबी झाक.
१५. कुक्षीचा (स्त्रीकेसराच्या टोकाचा) रंग – ‘अ’: नारिंगी किंवा गडद पिवळा, ‘ब’: फिका पिवळा किंवा फिका गुलाबी.

गुणांची बेरीज १५ ते ७५ यांच्या दरम्यान येणार हे उघड आहे. या शास्त्रज्ञांच्या मोजणीत १५ ते २३ गुण मिळवणाऱ्या केळी अअ किंवा अअअ ठरल्या. २४ ते ४६ अअब. ४९ च्या आसपास अब. आणि ५९ ते ६३ अबब. आपल्याकडची बसराई, ग्रँड नैन (जिला शेतकरी ‘जी-नाईन’ म्हणतात) आणि लाल केळ या अअअ गटातल्या. वसईची, सुकवून सुकेळी करतात ती राजेळी अअब. सफेद वेलची अब.

समजा, तुमच्या बेटातल्या केळीला पंधरा खुणांपैकी आठ खुणांना १ गुण, चार खुणांना २ आणि तीन खुणांना ३ गुण मिळाले. बेरीज ८ + ८ + ९ = २५. म्हणजे ती २४ ते ४६ या अअब गटात बसते, पण अगदी कडेला. अशा वेळी निष्कर्ष घाईने लिहू नका. दुसऱ्या विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे गुण द्यायला सांगा आणि दोन्ही बेरजा ताडून पाहा. मोजमापात दोन निरीक्षकांचा फरक किती येतो हे कळणे, हेही शास्त्रच आहे. ही परीक्षा फक्त म्यूसासाठी आहे, हे मात्र विसरू नका. कवदरीला ती लावायची नाही.

परसात केळ लावताना

भंडारदऱ्यासारख्या डोंगरी भागात केळीचे शत्रू तीन: साचलेले पाणी, वारा आणि हिवाळ्यातली थंडी. म्हणून जागा निवडताना पश्चिमेचा वारा अडवणारी भिंत किंवा झाडे पाहावीत. जोराच्या पावसाच्या गावी पाऊस ओसरल्यावर, किंवा आधी लावायची असेल तर मातीचा उंचवटा करून त्यावर लागण करावी. कंदाभोवती पाणी साचले की मुळे कुजतात. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात वरची माती व चांगले कुजलेले शेणखत भरावे. दोन केळींत पाच-सहा फूट अंतर असावे. मोरीचे पाणी परसाकडे वळवता आले तर उन्हाळ्याची सोय होते.

मुनवे दोन प्रकारचे असतात. एकाची पाने तलवारीसारखी अरुंद आणि बुंधा जाड. दुसऱ्याची पाने लवकरच रुंद झालेली आणि बुंधा बारीक. नवख्या माणसाला रुंद पानांचा मुनवा सुदृढ वाटतो, पण त्याचे कंदाशी नाते कमकुवत असते. लावायला तलवारी पानांचाच घ्यावा. पुढे खुंटाजवळ एकच मुनवा राखून बाकीचे काढत जावे. घडाची शेवटची फणी धरल्यावर खालचे केळफूल कापून खुशाल भाजी करावी. केळीबाबत माझा सल्ला बरोबरच होता!

रोगट बेटातला मुनवा मात्र कधीही आणू नये. पाने आखूड, अरुंद होऊन शेंड्याशी गुच्छासारखी उभी राहिली तर तो पर्णगुच्छ रोग समजावा. तो विषाणूमुळे होतो व मावा नावाची कीड तो पसरवते. असे झाड कंदासकट उपटून नष्ट करावे. खालची पाने कडेकडून पिवळी पडून खुंटाभोवती लोंबू लागली आणि खुंट कापल्यावर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसल्या, तर बुरशीमुळे होणारा मर रोग, म्हणजेच पनामा रोग, असण्याचा संभव असतो. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून तेथली माती किंवा कुदळ दुसऱ्या बागेत नेऊ नये.

परसातले तीन प्रयोग

प्रयोग १ : पानांचे घड्याळ. सर्वांत नव्या उलगडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा आणि तारीख लिहा. त्यानंतर येणारे प्रत्येक पान त्याच रीतीने नोंदवा. दोन पानांमधले दिवस मोजा. उबेच्या दिवसांत साधारण आठ-दहा दिवसांना एक पान येते. थंडीत हे अंतर वाढते. रोजचे तापमान आणि दोन पानांमधले दिवस यांचा आलेख काढा. त्यावरून डोंगरातल्या केळीला खानदेशातल्या केळीपेक्षा घड यायला जास्त दिवस का लागतात, ते तुमचे तुम्हांलाच सापडेल.

प्रयोग २ : खुंटाची घनता. घड उतरवल्यावर कापलेल्या खुंटाचा वीतभर तुकडा घेऊन त्याचे वजन करा. बादली काठोकाठ भरून परातीत ठेवा. तुकडा दोन सुयांनी पूर्ण बुडवा आणि सांडलेले पाणी मोजा. वजनाला आकारमानाने भागले की घनता मिळेल. ती पाण्यापेक्षा कमी का भरते? आता तोच तुकडा बारीक चिरून, हवा निघून जाईल असा कुटा आणि पाण्यात टाका. काय फरक पडतो ते पाहा आणि कारण लिहा.

प्रयोग ३ : केळे वाकडे का? केळफूल खाली लोंबत असते, त्यामुळे कोवळी केळी आधी जमिनीकडे तोंड करून असतात. मग ती हळूहळू वर वळतात. ओळंबा आणि कोनमापक घेऊन एकाच केळ्याचा उभ्या रेषेशी होणारा कोन दर दोन दिवसांनी मोजा. गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेला वाढण्याचा हा गुण आहे. घडाखाली पोचायला शिडी लागते. तेव्हा मोठ्या माणसाला सोबत घ्या.

जाता जाता एक गणित. वीस किलोचा घड खुंटाच्या मध्यरेषेपासून ४० सेंटिमीटर बाहेर लोंबत असेल तर खुंटावर पडणारे परिबल २० × ९.८ × ०.४ = ७८.४ न्यूटन-मीटर. मीटरभर लांब दांडीच्या टोकाला आठ किलो वजन टांगल्यासारखे हे आहे. लाकूड नसलेला, पाण्याने भरलेला खुंट ते पेलतो खरा, पण त्यात वाऱ्याचा रेटा मिसळला की कोलमडतो. म्हणून घड लोंबतो त्या बाजूने बांबूचा टेकू द्यायचा. पानांच्या चिंध्या झाल्या तर मात्र फार वाईट वाटून घेऊ नका. फाटलेल्या पानातून वारा निसटून जातो आणि खुंटावरचा रेटा कमी होतो. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत समांतर शिरा असल्याने प्रत्येक पट्टीला आपापला पाणीपुरवठा चालूच राहतो.

बी नसलेल्या पिकाची बँक

याच अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, भाजीपाला यांच्या गावरान वाणांचे बी जपून बीजबँक उभी केली. त्याबद्दल त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. वालाचे बी मडक्यात राखेत ठेवता येते. केळीचे काय ठेवणार? तिला बीच नाही. केळीचा वाण टिकवायचा तर ते झाडच कोणीतरी, कोठेतरी, सतत लावत राहिले पाहिजे. बेल्जियममधल्या ल्युव्हन येथे १९८५ पासून जगभरच्या केळींचे वाण परीक्षानळीत जतन करतात, आणि आपल्याकडे तिरुचिरापल्लीला १९९३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे. पण परसातले बेट हीसुद्धा एक लहानशी बँकच आहे.

याची गरज काय? मुनव्यापासून वाढलेल्या सर्व केळी एकमेकींच्या हुबेहूब प्रती असतात. एकीला जो रोग मारतो तो सर्वांना मारू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या व्यापारात ‘ग्रोस मिशेल’ या एकाच केळीचे राज्य होते. पनामा रोगाने तिचे मळेच्या मळे उद्ध्वस्त केले आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळीही याच गटातली. आता त्याच बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारू लागला आहे, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशातही आढळला आहे. उद्या रोगाला तोंड देणारा गुण शोधायचा झाला तर तो वेगवेगळ्या वाणांत आणि रानटी केळींतच शोधावा लागेल. म्हणून तुमच्या आजोळच्या परसात एखादी जुनी, नाव विसरलेली केळ असेल तर ‘हिचे घड लहान’ म्हणून ती उपटू नका. आधी तिचे नाव विचारा, पंधरा खुणा नोंदवा आणि एक मुनवा शाळेच्या आवारात लावा.

आता पुन्हा भंडारदरा. त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी मी पुन्हा त्या घरी गेलो. आजीने मला एक चिंधी सोडून दाखवली. तीत आठ-दहा काळपट बिया होत्या. कड्याखाली गळून पडलेल्या फळातल्या होत्या त्या. उभ्या कवदरीला तिने हात लावला नव्हता. कवदरीचे बी कठीण असते, रुजायला वेळ घेते. आम्ही त्या बिया बांधाच्या दगडांत, पाणी साचणार नाही अशा जागी पेरल्या. पहिल्या पावसाळ्यात काहीच आले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मुलाने निरोप पाठवला, “सर, दोन उगवल्यात.”

त्या केव्हा फुलतील हे मला माहीत नाही. पण फुलतील तेव्हा त्यांची भाजी करायची नाही, एवढे त्या घरात ठरलेले आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातल्या तीन वेगवेगळ्या परसबागांतील केळींची स्थानिक नावे विचारून लिहा. प्रत्येकीला पंधरा खुणांचे गुण द्या.
२. सफेद वेलचीत २२ आणि बसराईत ३३ गुणसूत्रे असूनही दोघींनाही बी धरत नाही. दोघींची कारणे वेगवेगळी कशी, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. घड ३० किलोचा आणि मध्यरेषेपासून ५० सेंटिमीटर बाहेर असेल तर परिबल किती?
४. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना केळीबद्दल जे माहीत आहे आणि पुस्तकात नाही, अशी एक गोष्ट विचारून घ्या. ती निरीक्षणाने कशी तपासता येईल, ते लिहा.